पिशवी, रोबोट आणि दहा लिटरचं पातेलं

११ सप्टेंबर २०२४, बुधवार. घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या झाल्या होत्या, कढी झाली होती, पुरण वाटून झालं होतं आणि मी आंबिलीचं दहा लिटरचं पातेलं ओट्यावरून खाली घेत होते. ओटीपोटात काहीतरी ओढलं गेलं आणि पायांच्या मधे लिंबाएवढा गोळा सर्रकन बाहेर आला. तसा तो गेली आठ वर्षं येतच होता. दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी यायचा, रात्री आडवी झाले की आपोआप आत जायचा. त्या दिवशी मात्र गेला नाही. पंगत उठेपर्यंत मी पाय आवळून वाढत होते, आणि सवाष्णींना विडे देताना मनात एकच, ही मंडळी जातात केव्हा.

आमच्याकडे याला ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. दवाखान्यात ‘पिशवी खाली सरकली’ म्हणतात, पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि फाइलीवर ‘प्रोलॅप्स’. मी चोपन्न वर्षांची आहे. नागपुरात प्रतापनगरकडे राहते, बारा वर्षांपासून घरून डबे देते. तेव्हा अठ्ठावीस डबे होते, बहुतेक शिकणारी मुलं आणि दोन बँकांतला स्टाफ. दोन्ही बाळंतपणं नॉर्मल, थोरली मुलगी जन्मतः पावणेचार किलोची. म्हणजे कारणं शोधायला लांब जायची गरज नव्हती. पण आठ वर्षांत मी हे ना नवऱ्याला नीट सांगितलं, ना मुलीला. सॅनिटरी पॅड लावून काम करत राहिले, कारण कपडा घासून कातडी सोलायची. लघवीला बसलं की धार सुरूच व्हायची नाही, बोटाने तो गोळा आत ढकलला की मग व्हायची. हे वाचताना तुम्हाला कसंतरी वाटत असेल तर वाटू द्या. मला कुणीतरी हे वाक्य आधी सांगितलं असतं, तर आपल्यालाच काहीतरी विचित्र झालंय असं वाटलं नसतं. पुढे डॉक्टरांनी माझ्या तोंडून ते अर्धंच ऐकलं आणि म्हणाल्या, “बोटाने ढकलावं लागतं ना? सगळ्याच सांगतात.”

त्या रात्री सासूबाईंना सांगितलं. त्या काटोलकडच्या, ब्याऐंशी वर्षांच्या. जराही दचकल्या नाहीत. “माह्या सासूचंबी येत होतं. चिंधी बांधून निंदाले जाय. त्याले काय दवाखाना?” मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाल्या, “पण तू जाय. तिले कोणी नेलं नाही म्हणून गेली नाही थे.”

१४ तारखेला, शनिवारी, धंतोलीत एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. धंतोलीत गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळा अनुभव आहे, तो इथे लिहीत नाही. फी सहाशे. आधी झोपवून तपासलं, मग खोकायला लावलं, मग उभं करून पुन्हा खोकायला लावलं. एका खुणा केलेल्या काडीने मोजमाप घेतलं. उभं राहून तपासणी करून घेताना लाज वाटते, पण झोपल्यावर ते आत जातं, म्हणून उभं करणं गरजेचं असतं. कुणी फक्त झोपवून तपासून “फार काही नाही” म्हटलं, तर आपणच सांगावं की संध्याकाळी असं असं होतं. माझा निकाल : चारपैकी तिसरा टप्पा. गर्भाशय खाली, आणि पुढून मूत्राशयाची भिंतही सोबत ओढली गेलेली.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. ओटीपोटाचा तळ म्हणजे स्नायूंची झोळी, आणि वरून गर्भाशयाला धरून ठेवणारे दोर. बाळंतपणात ते ताणले जातात, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की अजून सैल पडतात, आणि वरून आपण वजन उचलतो, कुंथतो, खोकतो. “तुम्ही रोज किती उचलता?” मी मनात हिशेब केला. कणकेचा डबा, भाताचं पातेलं, वरणाचं, पाण्याच्या बादल्या. मोठ्याने सांगितला नाही.

लगेच ऑपरेशन नाही, आधी रिंग बसवून बघू, असं ठरलं. पेसरी म्हणतात तिला, मऊ सिलिकॉनची कडी. ती आत बसते आणि पिशवीला वर टेकू देते. बसवण्यासकट दोन हजार तीनशे रुपये लागले. पहिली कडी तिसऱ्या दिवशी कुकर उतरवताना निघून पडली. दुसरी, मोठ्या मापाची, टिकली. खरं सांगते, त्या पाच आठवड्यांत मला आठ वर्षांनी पहिल्यांदा हलकं वाटलं. पण पाण्यासारखा स्राव सुरू झाला, एका जागी जखम झाली, आणि दर काही आठवड्यांनी काढून धुवायचं मला जमेना. माझ्या ओळखीतल्या एक काकू सत्तरीच्या पुढच्या आहेत, हृदयाचा त्रास आहे, त्या सहा वर्षांपासून रिंगवर मजेत आहेत. त्यामुळे रिंग वाईट असं अजिबात नाही. मला नाही जमली. व्यायामही सुरू होते, लघवी अडवताना जे स्नायू आवळतो ते आवळून दहा मोजायचं. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात त्याचा चांगला उपयोग होतो. तिसऱ्या टप्प्यातली पिशवी त्याने वर चढत नाही, हे फिजिओथेरपिस्ट मुलीनेच मला पहिल्या दिवशी सरळ सांगितलं. फी घेऊनसुद्धा सांगितलं, म्हणून तिच्यावर विश्वास बसला.

दसऱ्यानंतर, १९ ऑक्टोबरला, दुसरं मत घ्यायला एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो. यावेळी ‘हे’ सोबत आले. हे वीज मंडळातून रिटायर झालेले, आत येऊन बसले आणि भिंतीकडे बघत राहिले. तिथल्या डॉक्टरीणबाई फक्त याच प्रकारची ऑपरेशनं करतात. त्यांनी तीन रस्ते सांगितले.

पहिला, खालून. पोटावर छेद नाही, पिशवी काढायची आणि माझ्याच उतीने टाके घालून आधार द्यायचा. खर्च लाखभर. दुसरा आणि तिसरा रस्ता पोटातून, तत्त्व एकच : इंग्रजी ‘वाय’च्या आकाराची जाळी घ्यायची, तिचे दोन फाटे योनीच्या पुढच्या-मागच्या भिंतीला शिवायचे आणि शेपूट पाठीच्या कण्याच्या खालच्या हाडावरच्या पट्ट्याला. वरून टांगल्यासारखं. याचं नाव सॅक्रोकॉल्पोपेक्सी. ते हाताने दुर्बिणीतून करता येतं, नाहीतर रोबोटच्या मदतीने. दुर्बिणीचा अंदाज सव्वादोन लाख, रोबोटचा साडेतीनच्या आसपास.

जाळीबद्दल मी वाचून घाबरले होते. विचारलं. त्यांनी टाळलं नाही. खालच्या मार्गाने बसवायच्या जाळीमुळे खूप बायकांना त्रास झाला, आणि एप्रिल २०१९मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने, म्हणजे एफडीएने, पिशवी उतरण्यासाठीच्या त्या जाळीची विक्री थांबवायला लावली. पोटातून बसवायची जाळी त्या आदेशात नव्हती. पण पोटातून बसवलेली जाळीही काही जणींना वर्षांनंतर आतून टोचते, बाहेर डोकावते, आणि तेवढा भाग काढावा लागतो. “हे मी तुम्हाला आज सांगितलं असं लिहून ठेवा,” म्हणाल्या. मी डब्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलं, तारीख घालून.

मग मी विचारलं, रोबोटने जास्त चांगलं होतं का?

“काकू, निकाल दुर्बिणीसारखाच येतो. जास्त पैसे देऊन पिशवी जास्त घट्ट बसत नाही. खोल जागी बारीक टाके घालायला मला रोबोटने सोपं जातं, आणि मी हे ऑपरेशन रोबोटनेच जास्त केलंय. दुर्बिणीने उत्तम करणारा कुणी तुमच्या माहितीत असेल तर त्यांच्याकडे करा, मला वाईट वाटणार नाही.”

अशी किती ऑपरेशनं केलीत हेही मी त्यांना विचारलं. हा प्रश्न विचारताना माझी कानशिलं तापली होती, पण विचारावाच. त्यांनी आकडा सांगितला, आणि त्यातल्या दोघींना पुन्हा ऑपरेशन का लागलं तेही. बाहेर आल्यावर यांनी विचारलं, “मग काय, रोबोट?” मी म्हटलं, रोबोटचं काय ते मला कळत नाही, पण करायचं तर या बाईंकडून. खालचा स्वस्त मार्ग मी सोडला तो माझ्या धंद्यामुळे. वजन उचलणारी, वय फार नाही, परत खाली येण्याची शक्यता पोटातल्या जाळीने कमी. साठीच्या पुढे असते, घरीच बसून असते, तर मी बहुधा खालूनच केलं असतं.

इथून कागदांचा प्रवास सुरू झाला, आणि तो ऑपरेशनपेक्षा लांब होता.

आमची पाच लाखांची फॅमिली पॉलिसी, जुलै २०१९पासूनची, खंड नाही. नव्या पॉलिसींत पिशवी उतरण्यासारख्या काही ठरावीक आजारांना साधारण दोन वर्षांची थांबण्याची अट असते, ती आमची केव्हाच पूर्ण झाली होती. ‘रोबोटला विमा मिळत नाही’ असं मला शेजारच्या दोघांनी ठामपणे सांगितलं होतं. ते चूक आहे. विमा नियामकाने २०१९च्या सूचनेत ज्या आधुनिक उपचारांना पॉलिसीतून वगळता येणार नाही म्हटलं, त्यांत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे. पण कंपनी मर्यादा लावू शकते, आणि तिथेच मेख आहे. आमच्या पॉलिसीच्या मागच्या पानावर, बारीक अक्षरांत : आधुनिक उपचार, विमा रकमेच्या ५० टक्के. म्हणजे अडीच लाख, त्यावर काही नाही. हे मला आधी कळलं ते मुलीने पुण्याहून पीडीएफ वाचून काढली म्हणून. तुमच्याही पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ किंवा ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ हा शब्द शोधा, आणि एजंटला विचारण्याआधी स्वतः वाचा.

दुसरं, खोलीभाडं. आमच्या पॉलिसीत दिवसाला विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. त्यापेक्षा महागडी खोली घेतली की फक्त भाड्यातला फरक नाही, त्या प्रमाणात डॉक्टरांची फी, ओटीचा म्हणजे ऑपरेशन थिएटरचा खर्च, हेही कापतात. मी साडेतीन हजारांची दोघींची खोली घेतली. शेजारची बाई रात्रभर फोनवर मालिका बघायची, तेवढं सोसलं.

विमा डेस्कवरच्या मुलाने फॉर्म भरताना विचारलं, “काकू, त्रास केव्हापासून?” मी म्हटलं आठ वर्षं. त्याने पेन थांबवलं. “सहा महिने लिहू का? आठ लिहिलं तर क्वेरी येईल, कंपनी प्रश्न काढेल.” मला क्षणभर वाटलं लिही बाबा. डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि नाही म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : त्रास सुमारे आठ वर्षांपासून, हळूहळू वाढला, डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं १४ सप्टेंबर २०२४. क्वेरी आलीच. पहिल्या तपासणीचा कागद मागितला. तो धंतोलीचा सहाशे रुपयांचा केसपेपर मी जपून ठेवला होता, तो पाठवला, आणि दोन दिवसांत प्रश्न मिटला. पॉलिसी घेण्याआधी कुठल्या डॉक्टरने हा आजार ओळखलेला नव्हता की त्यावर उपचार सांगितलेला नव्हता, आणि पॉलिसीला सलग पाच वर्षंही झाली होती. खोटं लिहिलं असतं आणि पुढे कुठल्या कागदाशी जुळलं नसतं, तर अडीचही गेले असते.

तपासण्या : रक्त, साखर, थायरॉइड, ईसीजी, टूडी इको, छातीचा एक्स-रे, सोनोग्राफी, पॅप स्मिअर, लघवीचं कल्चर. पिशवी काढणार म्हणून तिच्या अस्तराची तपासणीही करून घेतली, आत काही लपलेलं नाही ना याची खात्री करायला. आणखी एक : गोळा आत धरून, भरल्या मूत्राशयाने खोकायला लावलं, थेंब गळतात का ते बघायला. काही जणींत उतरलेल्या पिशवीमुळे लघवीची वाट दुमडलेली असते म्हणून लघवी गळत नाही, आणि दुरुस्ती झाली की गळू लागते. माझी त्या दिवशी गळली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे येणार आहे. सगळं मिळून साडेचौदा हजार. सोबत महिनाभर लावायला इस्ट्रोजेनचं क्रीम.

तारीख मिळाली २६ नोव्हेंबर. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी मी घेतल्या, घ्यायला नको होत्या. भाजणी, तळण, धूर. २० तारखेला मतदान करून आले तोवर खोकला धरला होता. २२ला भूलतज्ज्ञांनी छाती ऐकली आणि फाइल बंद केली. खोकला असताना ताजे टाके घालायचे नाहीत. तीन आठवडे पुढे. मी पार्किंगमध्ये उभी राहून रडले, हे मला समजावत होते आणि त्यांचेही डोळे भरले होते, तेव्हा मला कळलं की भिंतीकडे बघत बसायचे ते का. विम्याची मंजुरी त्या तारखेपुरतीच होती, ती पुन्हा पाठवावी लागली. काही रक्ततपासण्याही पुन्हा. अजून अठराशे.

नवी तारीख १७ डिसेंबर, भरती १६ला. नागपूरकरांना ही तारीख सांगितली की हसतात. १६ म्हणजे विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस. आदल्या दिवशी राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झालेला, रस्तोरस्ती पोलीस. मॉरिस कॉलेज टी पॉइंटकडे मोर्चे, रस्ते वळवलेले. वीस मिनिटांचा रस्ता सव्वा तास लागला, आणि गाडीत मला रिकाम्या पोटाने उलटीसारखं होत होतं. अधिवेशनाच्या आठवड्यात दवाखान्यात जायचं असेल तर भरपूर आधी निघा.

भरती होताना पन्नास हजार अनामत. संमतीपत्र आठ पानांचं, इंग्रजीत. मराठीत आहे का विचारलं, तर “सगळे यावरच सही करतात” असं उत्तर. मी सही केली नाही. व्हिडिओ कॉलवर मुलीला पानं दाखवली, तिने वाचून अर्थ सांगितला. एका ओळीत होतं की गरज पडल्यास रोबोट सोडून दुर्बिणीने किंवा पोट उघडून ऑपरेशन केलं जाईल. तेव्हा यांनी आयुष्यभराच्या नोकरीला शोभेल असा प्रश्न विचारला, “मधेच लाइट गेली तर?” ज्युनियर डॉक्टर हसला नाही. हॉस्पिटलचं जनरेटर आहे, यंत्राला स्वतःची बॅटरी आहे, आणि यंत्रच बंद पडलं तर हात बाहेर काढून पुढचं काम माणसं करतात. मग आम्ही सही केली.

रोबोट म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर चालत येणारं काहीतरी होतं. ओटीत नेताना मी तो बघितला. चार हातांचा मोठा खांब, हातांवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली, आमच्याकडे लग्नात सोफ्यावर घालतात तशी. डॉक्टरीणबाई कोपऱ्यात एका पेटीसारख्या यंत्रापाशी बसल्या होत्या, शिलाई मशीनवर बसतात तशा, पाय खाली पायपट्ट्यांवर. त्या मला हात करून म्हणाल्या, “इथूनच करणार आहे, पण मीच करणार आहे.” यंत्र आपल्या मनाने काहीच करत नाही. त्यांची बोटं जशी हलतील तशी आत अवजारं हलतात, त्यांना आतलं मोठं आणि खोलीसकट दिसतं, आणि हाताची थरथर पुढे जात नाही. टेबलापाशी दुसरे डॉक्टर उभे असतात. पुढचं मला आठवत नाही.

सव्वातीन तास लागले. पाच छेद, प्रत्येकी सेंटीमीटरहून कमी. पिशवीचं वरचं शरीर काढलं, तोंड ठेवलं, आणि जाळी त्याला आणि भिंतींना शिवून वर बांधली. काढलेला भाग एका थैलीत घालून, एक छेद थोडा वाढवून बाहेर घेतला.

जागी झाले तेव्हा पोटापेक्षा खांदे दुखत होते. उजवा तर असा, की रात्रभर कुणी ओझं ठेवलंय. पोट फुगवायला जो वायू भरतात, तो उरलेला वर जाऊन छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. सिस्टरने सांगितलं, “मावशी, पडून राहाल तर जास्त दुखेल.” दुसऱ्या दिवशी सकाळी चालवलं तेव्हा उतरलं. चेहरा सुजला होता, पापण्या मोदकासारख्या, कारण इतका वेळ डोकं खाली करून झोपवलेलं असतं. यांनी बघून घाबरून सिस्टरला बोलावलं. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगते.

१८ला सकाळी ऑपरेशनसाठी घातलेली लघवीची नळी काढली. आठ वर्षं ढकलून लघवी करणारी मी, आता ती आपोआप व्हावी म्हणून नळ सोडून बसले. थोडी झाली. सोनोग्राफीने बघितलं तर आत २१० मिली शिल्लक. नळी पुन्हा घातली. मला वाटलं सगळं बिघडलं. डॉक्टर म्हणाल्या, सूज आहे, घाई नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढली, शिल्लक ४० मिली. त्या नळी-भांडं-सोनोग्राफीच्या दीड दिवसात मी जेवढी घाबरले, तेवढी ओटीत घाबरले नव्हते. काही जणींना नळीसकट घरी जावं लागतं, तेही तात्पुरतंच असतं.

१९ला घरी. विमा नियामकाच्या २०२४च्या नियमाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत यायला हवी. फाइल हॉस्पिटलातून निघालीच दुपारी दोनला, सकाळी नऊला डॉक्टरांनी घरी जा म्हटल्यावर. मंजुरी आली सव्वाचारला. म्हणजे उशीर कुठे होतो ते बघा, आणि आपण सकाळीच बिलिंगच्या खिडकीशी एक माणूस उभा करा. बिल ३,४६,२००. विम्याने २,५०,०००. आमचे ९६,२००. आधीच्या तपासण्यांचे पैसेही त्याच मर्यादेत बसत असल्याने परत मिळाले नाहीत.

घरी आल्यावर पहिली भीती शौचाची. कुंथायचं नाही हे इतकं मनावर घेतलं होतं की चार दिवस गेलेच नाही. शेवटी औषध दोनदा, रात्री इसबगोल, आणि कमोडपुढे पाय ठेवायला मुलाच्या लहानपणचं स्टूल. गुडघे वर आले की जोर लागत नाही. ते स्टूल आता तिथेच असतं.

नियम असे मिळाले : सहा आठवडे दोन किलोच्या वर काही नाही, तीन महिने जड काहीच नाही. उकिडवं बसायचं नाही. दोन महिने शरीरसंबंध नाही, हे डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं ते बरं झालं, मला सांगावं लागलं नाही. अ‍ॅक्टिव्हा महिनाभर बंद, आपल्या इथल्या गतिरोधकांवर तर नाहीच. ३१ डिसेंबरच्या तपासणीला ऑटोने गेले, नंतरच्या वेळी सुभाषनगरहून मेट्रोने सीताबर्डी, तिथे बदलून काँग्रेसनगर, कारण बाई संध्याकाळी धंतोलीत बसतात. लिफ्ट आहे, धक्के नाहीत. काढलेल्या भागाचा रिपोर्टही मिळाला, साधा निघाला.

दोन किलो म्हणजे किती ते माणसाला घरात राहूनच कळतं. पाण्याने भरलेला तांब्या चालतो, कळशी नाही. पाच लिटरचा कुकर रिकामा चालतो, भरलेला नाही. ओले कपडे बादलीसकट उचलायचे नाहीत, एकेक काढायचे. मी बोटं दाखवायची आणि हे उचलायचे. पहिल्या आठवड्यात यांनी तुरीचं वरण जाळलं, दुसऱ्या आठवड्यात जाळलं नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला मी खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच बायकांना खरं कारण सांगितलं. ‘गर्भाशयाचं ऑपरेशन’ एवढंच म्हणणार होते, पण तोंडातून ‘अंग बाहेर येत होतं’ निघालं. तिळगूळ देता देता दोघी थांबल्या. एकीने नंतर फोन केला, तीन वर्षांपासून पॅड लावते म्हणाली.

डब्यांचं सांगायचं राहिलं. तीन महिने बंद म्हणजे महिन्याला हातात राहणारे पंचवीस-सव्वीस हजार गेले, हा खर्च कुठल्याच बिलात नसतो. अठ्ठावीसपैकी सतरा परत आले. मार्चच्या शेवटी सुरू केलं तेव्हा स्वयंपाकघर बदललं. दहा लिटरच्या एका पातेल्याऐवजी चार-चार लिटरची तीन. शेगडी आणि ओटा एका उंचीवर, म्हणजे उचलायचं नाही, सरकवायचं. कणिक मळायला दोन तासांसाठी एक मुलगी. नफा कमी झालाय. मोठं पातेलं पोटमाळ्यावर उपडं पडलंय, सासूबाईंनी दोनदा विचारलं विकायचं का, मी उत्तर दिलेलं नाही.

१२ मार्चच्या तपासणीत जाळी जागेवर, टाके भरलेले, पिशवीचं तोंड जिथे असायला हवं तिथे. संध्याकाळी पायांच्या मधे काही नसतं, याची अजून सवय झालेली नाही, हात आपोआप साडीवरून चाचपून बघतो. पण ती जी खोकायला लावून केलेली तपासणी सांगितली होती, ती माझ्या बाबतीत चुकली. जानेवारीपासून जोरात शिंकलं की दोन-चार थेंब गळतात. डॉक्टर म्हणाल्या, असं होऊ शकतं हे सांगितलं होतं. सांगितलं होतं, वहीत आहे. फिजिओथेरपिस्टकडे पुन्हा जाते, बारा बैठका, एकीचे चारशे. सहा महिन्यांत थांबलं नाही तर वेगळी लहान शस्त्रक्रिया असते, पण तिचा विचार आत्ता नको असं दोघींचंही ठरलंय. आता एप्रिल लागलाय, ऊन चढतंय, आणि मिरच्या निवडायचे दिवस आलेत. परवा खाटेवर वाळत घातलेल्या मिरच्या हलवायला गेले आणि ठसका लागला. हातातलं सूप तिथेच ठेवलं, पाय आवळले, दहा मोजले आणि मग खोकले.